अल्झायमर, व्याधिक्षमत्व आणि आपली माहितीपत्रके

२०२० च्या साथीनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ हे विशेषण आपल्या औषधांना इतके चिकटले आहे की, आता ते स्मृतिभ्रंशावरील कल्पांच्या माहितीपत्रकांवरही झळकू लागले आहे. वृद्ध वडिलांना घेऊन आलेला मुलगा असे पत्रक टेबलावर ठेवतो आणि विचारतो, ‘‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढली की बाबांचे विसरणे थांबेल ना?’’ होकार देणे सोपे असते. परंतु अल्झायमरविषयी गेल्या दशकात जे पुढे आले आहे ते पाहता, हा होकार वैद्याने देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक सीमा आहे हे वैद्यकाला फार पूर्वीच उमगले होते. प्राण्यांच्या शरीरात सोडलेला रंग इतर अवयवांत उतरतो, मेंदूत मात्र उतरत नाही, हे पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये पाहिले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, हे रीस व कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. मात्र ही सीमा म्हणजे निर्जीव तट नव्हे. अस्तरपेशी प्रक्षुब्ध झाल्या की त्यांच्या पृष्ठभागावर चिकट रेणू उगवतात. रक्तातील पांढरी पेशी तेथे अडखळते, मंदावते, इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट चिकटते आणि सांध्यातून किंवा प्रत्यक्ष अस्तरपेशीच्या अंगातून पलीकडे जाते.

अल्झायमरमध्ये हेच घडते. इटलीतील व्हेरोना येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की, रोगाचे प्रतिरूप असलेल्या उंदरांच्या मेंदूत न्यूट्रोफिल पेशी एलएफए-१ या इंटेग्रिनच्या साहाय्याने शिरतात, आणि तो मार्ग रोखल्यास उंदरांची स्मरणशक्ती सुधारते. २०२० मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात एकाच कुळातून वाढलेल्या सीडी८ टी-पेशी आढळल्या. २०२३ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेले काम अधिक बोलके आहे: टाऊ प्रथिनाचा विकार असलेल्या उंदरांत मेंदूचा जो भाग झिजतो तेथेच टी-पेशींची गर्दी होते, आणि त्या काढून टाकल्यास झीज कमी होते. म्हणजे येथे झीज घडविण्यात प्रतिकारपेशींचाच हात आहे.

तर मग प्रतिकारशक्ती दाबावी काय? तसेही नाही. रक्तातील भक्षकपेशींना मेंदूकडे बोलावणारा सीसीआर२ हा ग्राही नसलेल्या उंदरांत अमायलॉइड अधिक साचते आणि ते लवकर मरतात, हे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. कोणती पेशी, कोणत्या अवस्थेत, कोठे आणि किती काळ, यावर सारे अवलंबून आहे. ‘वाढविणे’ हे क्रियापद येथे निरर्थक ठरते.

चरकाचे व्याधिक्षमत्व म्हणजे पेशींची संख्या नव्हे, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षांत शिकलो. चक्रपाणीने त्याचे दोन अर्थ केले: व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. दोन्हींत मोजमापापेक्षा विवेक अधिक आहे. सुश्रुताचे ख-वैगुण्यही येथे आठवते; संचार करणारा दोष जेथे स्रोतसाचे वैगुण्य असेल तेथे अडकतो, हे वर्णन प्रक्षुब्ध केशवाहिनीला चपखल बसते. विचार करण्यासाठी ते उपयुक्त आहे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि काही व्यवसायबंधू व्याख्यानांत ते पुरावा म्हणून मांडतात तेव्हा ग्रंथाचा मान वाढत नाही.

हाच सैलपणा औषधांच्या नावांतही आहे. चरकाने चिकित्सास्थानात सांगितलेली चार मेध्य रसायने म्हणजे मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. त्यांत ब्राह्मीचे नाव नाही. शिवाय बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून मंडूकपर्णी सर्रास मिळते. पुडीत नेमके काय आहे हे ठाऊक नसताना ते मेंदूच्या सीमेपलीकडे जाऊन काय करते, हे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

रसायनचिकित्सा सोडावी असे मी म्हणत नाही. निद्रा, अग्नी, बल यांसाठी मी स्वतः ती देतो, आणि तेवढेच नातेवाइकांना सांगतो. परंतु त्याआधी बी-१२, थायरॉइड यांची तपासणी आणि मेंदूचे स्कॅन झाले आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्या रसायनाने ‘बरा झालेला स्मृतिभ्रंश’ पुष्कळदा अल्झायमर नसतोच. कवटीखालचा रक्तसंचय किंवा बी-१२ ची न्यूनता वेगळ्या उपायांनी आटोक्यात येते, आणि ती वेळीच न ओळखल्यास रुग्णाचे नुकसान कायमचे होते. डोनेपेझिल चालू असेल तर ते आपल्या शब्दावर बंद करू नये. स्मृतीची चाचणी दर सहा महिन्यांनी करून तिचे गुण केसपेपरवर लिहावेत. सुधारणा ‘वाटली’ या नोंदीला किंमत नाही.

राहता राहिले पत्रक. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे रोग व विकार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांवरील उपचाराची जाहिरात त्या कायद्याने निषिद्ध आहे. आपल्या प्रतीक्षाकक्षातील गठ्ठा प्रत्येकाने एकदा या दृष्टीने चाळावा, आणि संघटनेनेही अधिवेशनातील औषध कंपन्यांच्या दालनांना परवानगी देण्यापूर्वी त्यांची पत्रके मागवून घ्यावीत.