घडीची स्कूटर उड्यांसाठी नव्हे!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताई मुलांना घेऊन आमच्याकडे नोएडाला आली होती. नऊ वर्षांच्या भाच्याला मी वाढदिवसाला पायाने ढकलायची स्कूटर घेऊन दिली होती. सोसायटीच्या आवारात दोन पायऱ्यांवरून उडी मारण्याचा मोह त्याला आवरला नाही. उडी छान झाली, पण जमिनीवर टेकताच हँडलच्या घडीचा खटका सुटला आणि पोरगा हनुवटीवर आपटला. दोन टाके पडले.

"सांगितलं होतं ना, उड्या मारू नकोस म्हणून!" ताई त्याच्यावर चिडली. मी मात्र गप्प होते. 'एकदम मजबूत' असे दुकानदार म्हणाला होता, ते खोटेही नव्हते. सरळ रस्त्यावर ती मजबूतच होती. ती कशासाठी बनवली आहे, हे मीच विचारले नव्हते.

तुमचे मूल नुसते फिरणार असेल, तर घडीची स्कूटर सोयीची. पण ते पायऱ्या, कट्टे, उतार शोधू लागले असेल, तर 'स्टंट स्कूटर'च घ्या. तिला घडी नसते, हँडलची उंची कमीजास्त करण्याची सोय नसते. जितके सांधे कमी, तितक्या तुटण्याच्या जागा कमी.

खरेदी करताना हे पाहा

चाके : मधला भाग प्लॅस्टिकचा नव्हे, अॅल्युमिनियमचा हवा. उड्यांच्या दणक्याने प्लॅस्टिकला तडे जातात. नवशिक्यासाठी 100 ते 110 मिलिमीटरची चाके योग्य.

हँडल : एकसंध, वेल्डिंग केलेले हवे. ते पट्टीने आवळलेले असते. त्या पट्टीला किमान दोन, शक्यतो तीन बोल्ट असावेत.

उंची : मूल फळीवर उभे राहिले की हँडल साधारण कमरेशी यावे. 'वाढत्या अंगाचे' कपडे घेतो तशी मोठी स्कूटर घेऊ नका. जड, उंच स्कूटर मुलाला आवरत नाही.

चिन्ह : 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कूटरवर ते शोधा. मात्र हे चिन्ह म्हणजे उड्या मारण्याचा परवाना नव्हे. किती वजनापर्यंत चालेल, तेही वाचा.

दिल्लीकरांनी झंडेवालानच्या सायकल बाजारात एक फेरी जरूर मारावी. वस्तू हाताळून घेता येते आणि पुढे बेअरिंग बदलायचे झाल्यास कुठे जायचे, तेही कळते.

दुकानातच दोन परीक्षा घ्या. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवून पाहा. चाक सरळ राहून हँडल फिरता कामा नये. मग पुढची बाजू दोन-तीन इंच उचलून सोडा. खडखड आवाज आला, तर सांधा सैल आहे. घट्ट करून द्यायला सांगा, तरीही खडखडली तर दुसरी मागा.

हेल्मेट, कोपर आणि गुडघ्यांची पॅड यांचे पैसे स्कूटरच्याच हिशेबात धरा. पैसे कमी पडले, तर स्कूटर महिनाभर उशिरा घ्या, पण हेल्मेटशिवाय घेऊ नका. घरी आल्यावर दर आठवड्याला बोल्ट आवळा. हे काम मुलालाच शिकवा. आणि थंडीत धुरके दाटले असेल, त्या दिवशी स्कूटर घरातच राहू द्या.

या सुट्टीत भाच्याला घेऊन पुन्हा बाजारात गेले. दुकानदाराने चकचकीत लाल स्कूटर पुढे केली. पोराने रंगाकडे पाहिलेही नाही. चाक गुडघ्यांत धरले, हँडल वळवले आणि म्हणाला, "मावशी, ही फिरतेय. दुसरी बघू या."

हनुवटीवरचा व्रण अजून दिसतो. पण एवढे शहाणपण त्याला आले, हे पाहून ताईचा राग मात्र मावळला.