घर विकताना ओल सांगावी



परवा शाळेत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारले, "मॅडम, तुम्ही मागच्या वर्षी फ्लॅट विकलात ना? आम्हालाही विकायचाय. दिवाळीनंतर काढू, का पाडव्यापर्यंत थांबू?" उत्तर दोन वाक्यांत संपणारे नव्हते. म्हणून या महिन्याचे सदर त्यावरच.

आमचा कुरुळीतला फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर होता. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तो विकायचा आणि गावातल्या सासऱ्यांच्या जुन्या घरात राहायला जायचे, असे आम्ही ठरवले. गणपती झाले, एजंटाला सांगितले. पण पंधरा दिवस फोनच नाही. मग लक्षात आले, पितृपक्ष चालू होता. आपल्याकडे घरासाठी असा महिना वर्ज्य नसला, तरी घेणाऱ्याचे पंचांग माहीत असावे. नवरात्रापासून चौकशी सुरू होते. कंपन्यांचा बोनस दिवाळीआधी हाती येतो, त्यामुळे टोकनाची बोलणी दसरा-दिवाळीत जुळतात. पौष लागला की अनेक जण नव्या घराचा व्यवहार पुढे ढकलतात. माघात पुन्हा हालचाल होते. मार्चमध्ये नोंदणी कार्यालयात गर्दी उसळते, कारण रेडीरेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होत असतात. मुले शाळेत असणाऱ्यांना ताबा मे महिन्यात हवा असतो. तेव्हा घर दसऱ्याला दाखवायला काढावे, व्यवहार हिवाळ्यात पक्का करावा आणि ताबा परीक्षा संपल्यावर द्यावा, हे दोघांनाही सोयीचे.

काही गोष्टी आधीच तयार ठेवाव्यात. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचा ना-हरकत दाखला, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचे तसे पत्र. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून घर दिवसा दाखवावे. आपल्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. रविवारइतकाच तो दिवसही मोकळा ठेवावा. पैसे बँकेतूनच घ्यावेत. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्यात बसत नाही.

घेणाऱ्याचा खर्चही समजून घ्यावा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट दिली आणि टाळेबंदीने थंडावलेल्या नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. ती सूट आता नाही. पण राहते घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ टक्का सवलत मिळते. तीस लाखांच्या घरात हे तीस हजार होतात. ही गोष्ट आपण होऊन सांगावी. घेणाऱ्याचे वाचते आणि घरातल्या बाईच्या नावावर छप्पर येते.

आता खरी गोष्ट. आमच्या पश्चिमेच्या खोलीची भिंत दर जुलैत ओली व्हायची. पोपडे सुटायचे, कपाट पुढे ओढून ठेवावे लागायचे. दिवाळीत मात्र तीच भिंत खडखडीत कोरडी. रंगारी म्हणाला, "पुट्टी भरून दोन हात मारतो, कळणार पण नाही." एजंट म्हणाला, "मॅडम, जूनच्या आत व्यवहार संपतो. विचारलं तरच सांगा." माझे मिस्टरही गप्प राहिले. फीचा आकडा त्यांच्याही डोळ्यांसमोर होता.

रंग लावला. त्या रात्री मला झोप लागेना. मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग मी वर्गात कितीदा सांगितला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे आपण (सल्ल.) त्याला विचारले. मुलांना हे सांगताना माझा आवाज किती ठाम असायचा! आणि इथे मीच ओलीवर पुट्टी भरून बसले होते.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी लातूरकडचे एक तरुण जोडपे आले. सोबत मुलाची आई होती, दम्याची. मावशींना तीच खोली आवडली. म्हणाल्या, "इथं ऊन येतंय, माझी खाट इथंच टाका." मी मिस्टरांकडे पाहिले. ते म्हणाले, "सांग तू." मी सांगितले. पावसाळ्यात मोबाइलवर काढलेले भिंतीचे फोटोही दाखवले.

ते लोक काही न बोलता गेले. आठ दिवस फोन नाही. त्या आठ दिवसांत घरात कोणी मला दोष दिला नाही, पण कोणी शाबासकीही दिली नाही. नवव्या दिवशी तो मुलगा वॉटरप्रूफिंगवाल्याला घेऊन आला. गच्ची आणि बाहेरची भिंत मिळून ऐंशी हजारांचा अंदाज निघाला. तेवढी रक्कम आम्ही किमतीतून कमी केली आणि ओलीचा उल्लेख करारात लिहून घेतला. फीची उरलेली सोय माझ्या दोन बांगड्या मोडून झाली. हे लिहिताना मनगटाकडे लक्ष जाते, खोटे कशाला बोलू?

नंतर वकिलांकडून कळले, की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही हेच आहे. घेणाऱ्याला सहज न दिसणारा आणि आपल्याला माहीत असलेला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आपल्या फिक्हमध्येही लपवलेला ऐब निघाल्यास घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क आहे.

यंदा जुलैत मोठा पाऊस झाला, तेव्हा मी स्वतःच फोन केला. मावशींनी उचलला. म्हणाल्या, "कोपऱ्यात थोडी ओल धरलीय, बाकी ठीक आहे. मी खाट पलीकडच्या भिंतीला घेतलीय." म्हणजे भिंत पुरती बरी झाली नव्हती. पण खाट कुठून हलवायची, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे: हिवाळ्यात घर जरूर विका. घर सर्वांत देखणे दिसते ते याच दिवसांत, आणि न विचारता सांगण्याची जबाबदारीही याच दिवसांत जास्त. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात बरकत देवो. आमीन.