भविष्यकाळाला लिंग नसतं

लाँचमध्ये बसून गोष्ट लिहायची तर अक्षर वाईट पाहिजे. मांडव्याहून गेटवेला तासभर लागतो. डिझेलचा वास, मांडीवर वही, आणि शेजारचा माणूस मान वाकडी करून वहीत डोकावतोच. त्याला वाटतं पोरगा हिशेब लिहितोय. मी लिहीत असतो २१५९ सालचा धरमतर, आणि त्यात दोन पुरुष एकमेकांजवळ बसलेत. म्हणून मी अक्षर मुद्दाम बिघडवून घेतलंय. आता ते इतकं बिघडलंय की कधीकधी माझं मलाच लागत नाही.

पावसाळ्यात लाँच बंद. मग पेणवरून एसटी, वडखळ नाक्याला गाडी थांबली की एक पान. घरी लिहायची सोय नाही. एक खोली, पाच माणसं, आणि रात्री दिवा जाळला की आई विचारणार, कुणाला चिठ्ठी लिहितोस? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, माझ्या दोन वह्या भिजून लगदा झाल्या. तेव्हापासून वह्या युरियाच्या गोणीतल्या प्लास्टिकात बांधून ठेवतो. लेखकाच्या सवयी म्हणतात त्या ह्या. टेबल, खुर्ची, चहाचा कप असले फोटो इथं नाहीत.

कल्पना मात्र उसनी आणावी लागत नाही. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली कुलाब्याहून ती इकडं आणली. कुलाब्याला असताना ह्याच वेधशाळेनं १८५९ च्या सप्टेंबरातलं सूर्याचं वादळ नोंदवलं. त्या वादळात युरोप-अमेरिकेत तारायंत्रं ठप्प झाली होती. माझी गोष्ट एवढीच की तसलंच वादळ पुन्हा येतं, फोन मरतात, दिवे मरतात, त्याच रात्री उधाण चढतं आणि खारबंदिस्तीला दोन ठिकाणी खांड पडते. वेधशाळेतला एक नोकर आणि लाँचवरचा एक खलाशी रात्रभर चिखल टाकून एक खांड धरतात. सकाळी एकजण दुसऱ्याच्या डोक्यातला चिखल धुतो. बस.

एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. भाषा गोड. गोष्ट चांगली आहे म्हणाले, फक्त खलाशाच्या जागी मुलगी घाला. आणि शेवटी म्हणाले, खरं तर तुम्ही आत्मकथन का लिहीत नाही? तुमच्याकडे केवढा अनुभव आहे!

च्यायला, ही मेख बघा. भूतकाळ आमचा. भूक आमची, गावकुसाबाहेरचं घर आमचं, ते लिहा, आम्ही रडू, पुरस्कार देऊ. समलिंगी असाल तर आणखी चांगलं, दुःख दुप्पट! पण दीडशे वर्षांनी धरमतरच्या खाडीत काय होईल हे तुम्ही सांगायचं नाही. तो प्रांत दुसऱ्यांचा. मराठी विज्ञानकथेतल्या यानात चढणाऱ्यांची आडनावं एकदा वाचून बघा. बहुतेक यानांत आमच्या आळीचा माणूस झाडू मारायलासुद्धा नसतो.

नारळीकरांबद्दल मला आदर आहे, तो आधी नोंदवतो. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंच्या हातानं लिहून घेतली. नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी निकाल देऊ नये हा हेतू, आणि तो प्रामाणिक होता. बक्षीस पहिलं आलं. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, १९६३ ला, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला होता. नाव झाकणं म्हणजे काय ते दोन्हीकडून बघा. मोठं नाव झाकलं की निकाल स्वच्छ लागतो आणि नंतर किस्सा होतो. आमचं नाव झाकलं तर भाड्यानं खोली मिळते, आणि उघडं पडलं की सामान रस्त्यावर. मी तर दोन गोष्टी चोरतो. आडनाव विचारलं की एक, लग्नाचं विचारलं की दुसरी.

हार्लेममध्ये १९४२ ला जन्मलेला सॅम्युअल डिलेनी काळा आणि समलिंगी. अक्षरं डोळ्यांपुढं उलटीसुलटी व्हायची, तरी विसाव्या वर्षी पहिली विज्ञानकादंबरी छापून आली. पुढं ‘नोव्हा’ लिहिली, नायक काळा. ती क्रमशः छापावी म्हणून ‘अ‍ॅनालॉग’ मासिकाकडं गेली तेव्हा संपादक कॅम्पबेलनं ती परत केली. काळा नायक आपल्या वाचकांना पचणार नाही, असं कारण एजंटला दिल्याचं डिलेनीनं पुढं १९९८ ला लिहिलंय. १९६८ ला ती पुस्तक म्हणून आलीच. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्या कविता घेतल्या, राग घेतला. त्यांची यानं आपण घेतली नाहीत. का? मला वाटतं, आपल्यालाही मनातून पटलं होतं की यान आपलं नव्हे.

आता आपल्यातल्यांबद्दल. बैठकीत एक दादा म्हणाला, आधी भाकरीचं बघू, तुझ्या ह्या शहरी भानगडी नंतर. दादा, आधी वर्ग मग जात असं आपल्याला लाल झेंडेवाले सांगायचे तेव्हा तू खुर्ची उलटून उठला होतास. मी अजून बसलोय. दुसरीकडं मुंबईतल्या फ्लॅटमधल्या क्विअर बैठका. इंग्रजीत प्रेमळ बोलतात, जात विचारत नाहीत. कशाला विचारतील? आडनाव ऐकून झालेलं असतं.

मराठीत ह्या जगण्यावर कुणी लिहिलंच नाही असं नाही. बिंदुमाधव खिरेंनी लिहिलं, दिशा पिंकी शेख लिहिते. आणि १९८१ ला रंगभूमीवर आलेलं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मी तीनदा वाचलंय. धाडसाचं नाटक. पण शेवटी मित्रा आत्महत्या करते. आमच्यातली माणसं गोष्टीत येतात ती मरायला. म्हणून मला २१५९ पाहिजे. सकाळी डोकं धुणारा माणूस मला जिवंत पाहिजे.

ह्या कामात सगळ्यात मोठी अडचण संपादक नाही, क्रियापद आहे. इंग्रजीवाला ‘आय वेंट’ म्हणून सुटतो. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, तोंड उघडलं की पंचनामा. ‘ते’ म्हणावं तर एक तर आदर नाही तर वासरू. मी महिनाभर झगडलो. ‘मी भाकरी खाल्ली’ असल्या वाक्यात लपता येतं, तिथं क्रियापद भाकरीच्या मागं जातं. पण माणसानं किती भाकरी खाव्यात? मग एका रात्री एसटीत ध्यानात आलं. तो जाईल. ती जाईल. ते जाईल. मी जाईन. भविष्यकाळात मराठी विचारतच नाही तू कोण! ज्ञानेश्वरांच्या आधीपासून बोलणाऱ्या माणसांनी ही जागा मोकळी ठेवलीय आणि आपण रोज वापरतो, तरी दिसत नाही. मी आख्खी गोष्ट भविष्यकाळात फिरवली. उधाण चढेल. बांध फुटेल. तो चिखल टाकेल. कानाला आधी विचित्र लागतं, पाचव्या पानाला सवय होते.

कायद्याचं म्हणाल तर तो स्वतःच कालयंत्रात बसलेला. २००९ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, गुन्हेगार नाही. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा गुन्हेगार केलं. ६ सप्टेंबर २०१८ ला परत सोडलं. २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र नाही म्हणाले. असली मागंपुढं उडी मी गोष्टीत घातली असती तर संपादक म्हणाले असते, पटत नाही.

मुलगी घातली नाही. खलाशी खलाशीच आहे, आणि आता त्याला आडनावही दिलंय, आमच्या आळीतलं. खाली माझं नाव लिहायचं का, हे अजून ठरत नाही. आईला वाचता येतं. गोष्ट सतरा पानं झालीय. वडखळला गाडी अडकली तर आज अठरावं होईल.