सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि हाताने भरलेले काडतूस

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये काडतुसाला दोन कामे करावी लागतात: जळत्या दारूच्या वायूने गोळी नळीबाहेर धाडायची आणि त्याच वायूच्या जोरावर बोल्ट मागे ढकलायचा. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये दुसरे काम नेमबाजाचा हात करतो. म्हणून तिथे निर्धोक ठरलेला, हाताने केलेला काडतुसाचा भरणा इथेही चालेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

अमेरिकी सैन्याने 1936 साली स्वीकारलेली एम-1 गॅरंड हे याचे ठळक उदाहरण. तिच्यात वायू नळीच्या तोंडाजवळून घेतला जातो. दारू फार सावकाश जळणारी असेल तर चेंबरमधला कमाल दाब मर्यादेत राहूनही गोळी तोंडाशी पोहोचते तेव्हा वायूचा दाब जास्त उरतो आणि लांब ऑपरेटिंग रॉडला हिसका बसून तो वाकतो. म्हणून तिच्यासाठी आयएमआर 4895 सारखी मध्यम गतीची दारू रूढ झाली. आपल्या जवानांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या 7.62 मिमी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) हिला गॅस रेग्युलेटर आहे. पण तो पिस्टनकडे जाणारा वायू कमीजास्त करतो. चेंबरमधला दाब त्याने उतरत नाही.

केसच्या बुडात बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या प्रायमरकडे सर्वाधिक लक्ष हवे. गॅरंड, एआर-15 अशा रायफलींची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आपटताना ती प्रायमरला हलकेच टेकते. प्रायमर मऊ असेल किंवा केसच्या बुडापेक्षा जरा वर राहिला असेल, तर ट्रिगर न दाबता गोळी सुटू शकते. प्रत्येक प्रायमरवरून बोट फिरवून तो बुडापेक्षा किंचित खाली आहे, हे तपासलेच पाहिजे.

प्रायमरनंतर लक्ष द्यावे ते केसच्या पितळाकडे. काडतुसांच्या पितळी कपांसाठी ओळखला जाणारा आयुध निर्माणीचा कारखाना अंबरनाथला आहे. पितळ तापून ताणले जाते, हे तिथल्या कामगाराला सांगावे लागत नाही. सेमी-ऑटो रायफल केस जोराने ओढून फेकते, त्यामुळे ताण आणखी वाढतो. अशी केस पूर्ण लांबीच्या डायमधून काढावी आणि तिचा खांदा इंचाच्या सुमारे तीन ते पाच सहस्रांश मागे घ्यावा. नुसती केसची मान मापात आणणे पुरत नाही. बुडाच्या वर चकचकीत कडे दिसले, तर केस मोडीत काढावी. सैनिकी केसची भिंत बहुधा जाड असते, आतली जागा कमी भरते आणि तेवढ्याच दारूने दाब चढतो. मॅगझिनमधून वर येताना गोळी केसमध्ये आत सरकली तरी तेच होते.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार काडतुसांच्या निर्मितीला परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सदनिकेत टेबलावर प्रेस मांडून हे काम करता येणार नाही. जिथे कायदा परवानगी देतो तिथे भरणा छापील कोष्टकातील किमान मात्रेपासून सुरू करावा आणि त्याच रायफल प्रकारासाठी दिलेले कोष्टकच वापरावे.

आवाज बसका आला, बोल्ट मागे आला नाही, तर पुन्हा बोल्ट ओढून दुसरा बार काढण्याचा मोह होतो. नळीत गोळी अडकलेली असेल तर पुढचा बार नळी फोडतो. तिथेच थांबून, शस्त्र रिकामे करून, नळीतून सळई घालून पाहावी.