मुंगूस इंग्रजीत गेलं, मग आपण का लाजायचं?

मैत्रिणींनो, 'हिला इंग्रजी येत नाही' हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय! मुलाच्या शाळेत, बँकेच्या खिडकीशी, कधी कधी तर घरातच. एखादा शब्द चुकला की समोरचा हसतो आणि मग आपण तोंडच उघडत नाही. पण जिला आपण इतकं घाबरतो, त्या इंग्रजीचे शब्द बनतात तरी कसे, हे कधी पाहिलंय का? त्यासाठी लंडनला जायला नको. आपल्या नागझिऱ्याचं गेट पुरे.

चोरखमारा किंवा पिटेझरी गेटवर पर्यटक येतात ते 'सफारी'साठी. शब्द अगदी इंग्रजी वाटतो ना? पण तो आहे आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, आणि तिथे आला अरबीतून. म्हणजे आपल्या ओळखीच्या 'सफर'चा हा सख्खा भाऊ! 'जिप्सी'ची गंमत तर आणखीच. युरोपातल्या भटक्या लोकांना पाहून इंग्रजांना वाटलं, हे इजिप्तहून आले असणार. 'इजिप्शियन' म्हणता म्हणता पुढचं अक्षर गळलं आणि 'जिप्सी' उरलं. खरं तर या लोकांचे पूर्वज आपल्या भारतातूनच गेलेले! पुढे १९८५ साली मारुतीने त्या नावाची गाडी काढली, आणि जंगलात फिरवणाऱ्या उघड्या गाडीला आपण सर्रास जिप्सी म्हणू लागलो.

इंग्रजीचा सगळा संसार असाच चालतो बरं का. कुठून उसनं आणायचं, कुठे दोन तुकडे जोडायचे, कुठे कात्री लावायची. रेफ्रिजरेटर कापून फ्रिज झाला. ब्रेकफास्ट आणि लंच एकत्र करून ब्रंच झाला. गूगल हे कंपनीचं नाव, पण लोक 'गूगल करणं' म्हणू लागले आणि २००६ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने ते क्रियापद म्हणून घेतलं. 'पोस्टपोन'च्या उलट म्हणून भारतीयांमध्ये 'प्रीपोन' रूढ झाला. किती हसले लोक त्याला, चुकीचं इंग्रजी म्हणून! आज तोही त्याच शब्दकोशात आहे. वापरणारे वाढले की कालची चूक आजचा शब्द होते.

आणि आपलं मुंगूस? इंग्लंडच्या रानात ते नव्हतंच, मग त्याला नाव कुठलं असणार? इथल्या माणसांच्या तोंडचा मराठी शब्द त्यांनी उचलला आणि 'मंगूज' केला. इंग्रजीत 'गूज'चं अनेकवचन 'गीज' होतं, पण 'मंगूज'चं 'मंगीज' होत नाही. का? कारण हा त्यांच्या 'गूज'चा कुणीच लागत नाही, तो आपला मुंगूस आहे!

शब्द जुळवण्यात आपण तरी कुठे मागे आहोत? नाग आणि झिरा मिळून नागझिरा. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी ही आजूबाजूची नावं म्हणून बघा. प्रत्येक नावात पाण्याची खूण आहे. ही नावं कुठल्या पंडिताने बसून काढली नाहीत, तिथे राहणाऱ्यांनी ठेवली. वनाधिकारी असलेले लेखक मारुती चितमपल्ली नवेगावच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं राहिले. जंगलातल्या आदिवासींकडून, ढिवरांकडून त्यांनी शब्द ऐकले, टिपून ठेवले. इंग्रजीत कावळ्यांच्या वसाहतीला 'रूकरी' म्हणतात, त्यांनी आपल्याला 'काकागार' दिला. १८ जून २०२५ रोजी ते गेले, पण त्यांचे शब्द आपल्याजवळ आहेत.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण नोकरीला इंग्रजी लागतंच ना? लागतंच. मुलींनी ते जरूर शिकावं, चांगलं शिकावं. माझं म्हणणं एवढंच, की ते घाबरत शिकू नये आणि आपली बोली टाकून शिकू नये. घाबरलेली मुलगी वर्गात प्रश्न विचारत नाही, मुलाखतीत मान वर करत नाही. हुशार असूनही मागे राहते. आणि बोलीची लाज वाटू लागली की आजीचे शब्द आजीबरोबरच जातात. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्या आणि टेकोडे, दोन्हींना आता आपण 'मशरूम' म्हणतो आणि डोळ्यापुढे येतात पाकिटातले पांढरे गोळे. मोहाची टोरी तर नव्या सुनांना माहीतही नसते. शब्द गेला की ती वस्तू ओळखायची, निवडायची, रांधायची अक्कलही हळूहळू जाते. ती अक्कल पिढ्यान् पिढ्या बायकांनीच सांभाळली आहे.

म्हणून पुढच्या वेळी बाहेरगावचा पाहुणा 'वाइल्ड डॉग' म्हणाला तर खुशाल सांगा, 'आमच्याकडे याला रानकुत्रा म्हणतात.' मोहफुलाला मोहफूलच म्हणा. इंग्रजी बोलताना एखादा शब्द अडला तर मराठी शब्द बेधडक घाला आणि वाक्य पुरं करा. घरात आजी असेल तर एक जुनी वही घेऊन तिच्याजवळ बसा. रानभाज्यांची, सणांची, भांड्याकुंड्यांची नावं विचारून लिहून ठेवा. मुलीलाही सोबत बसवा. इंग्रजीचा अभ्यास तिने त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर केला तरी काही बिघडत नाही.