थकवा दाबायचा की तपासायचा?



रोवणी आटोपून महिना झाला तरी कंबर सरळ होत नाही, सडा-सारवण करतानाच धाप लागते, दुपारी डोळे मिटू लागतात, अशा तक्रारी आमच्या करडीत घरोघरी ऐकायला मिळतात. "काम केलं की माणूस थकणारच," असं म्हणून आपणच त्या उडवून लावतो.

चिनी वैद्यक मात्र थकव्याकडे बारकाईनं बघतं. हे शास्त्र आपल्याला अगदीच परकं नाही, बरं का! 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचे उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केले.

चिनी वैद्यांच्या मते शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी फिरते. अतिश्रम, जागरण, काळजी आणि अवेळी जेवण यांनी पचन दुबळं होतं, ची उणी पडते आणि माणूस थकतो. म्हणून ते ताजं, गरम जेवण वेळेवर घ्यायला सांगतात. आपल्या आजीबाईही दुसरं काय सांगत होत्या?

घरी करण्याजोगा एक उपाय सांगते. गुडघा वाकवून बसा. वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला बोटभर अंतरावर 'चू-सान-ली' हा बिंदू येतो. नावाचा अर्थ 'पायाचे तीन ली'. ली म्हणजे अंतराचं चिनी माप. हा बिंदू दाबला की थकलेला वाटसरू आणखी तीन ली चालतो, असं म्हणतात. दोन्ही पायांवर अंगठ्यानं मिनिट-दोन मिनिटं सोसवेल इतपतच दाबा. जखम, सूज किंवा फुगलेल्या शिरा असतील तर नको. दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

यानं पाय हलके वाटतील, पण अंगात रक्त वाढणार नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर उपचार हवेत. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे, तेव्हा तीही तपासणी करून घ्या. थायरॉईड आणि साखर यांच्यामुळेही थकवा येतो. पापणीच्या आत फिकटपणा, पाळीत जास्त रक्त जाणं, चालताना छातीत धडधड, यांपैकी काही असेल तर अजिबात थांबू नका.

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर टाळा. पालेभाजी, हरभरे, तीळ आणि चालत असेल तर तळ्यातली मासोळी ताटात असू द्या.

आणि हो, सर्वांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय सोडा. भाजी शिजली की आपली वाटी आधीच काढून ठेवा. शाळेत मुलींना मी हेच सांगते, पण घरी त्या आईकडेच बघून शिकतात ना!

या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. एकटीला जावंसं वाटत नसेल तर जावेला नाहीतर शेजारणीला सोबत न्या. तिलाही तपासणीची गरज असेलच.