रोडगा चालतो, मग घरचा पाव का नाही?

गेल्या मे महिन्यात बोरी अरबला सासरी पंधरा दिवस होते. एका रविवारी सकाळी यीस्ट घालून भिजवलेली कणीक ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. ती फुगून परातीच्या काठाला टेकली होती आणि मी झुणका ताटात पसरून गार करत बसले होते. तेवढ्यात आतेसासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. परातीतल्या गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाव काहून भाजून रायली वं घरात? दारव्ह्याले बेकऱ्या बंद पडल्या का?"

मी हसले. सगळेच हसले. वाक्यच तसं फर्मास होतं. पण त्यानंतर जेवणाच्या पंगतीत जे सुरू झालं ते हसण्यासारखं नव्हतं, आणि तेव्हा मी गप्प बसले याची चुटपुट अजून आहे. म्हणून हे लिहितेय. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचाच!

आक्षेप तीन होते. एक, मैदा वाईट. दोन, हे आपलं नाही. तीन, "हे ब्रंच-बिंच पुण्या-मुंबईची थेरं आहेत, इथं चालायची नाहीत."

मैद्याचं लवकर उरकते. ज्या दिरांनी मैद्यावर दहा मिनिटं प्रवचन दिलं, त्यांच्या हातात त्या वेळी चहात बुडवलेली खारी होती. खारीत मैदा असतो, वर डालडाही असतो. माझ्या परातीत ३०० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम मैदा होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त गहू चक्कीवरचाच. नुसत्या कणकेचाही पाव होतो. फक्त कोंडा पाणी सावकाश पितो आणि पिठाची चिकट जाळी नीट धरू देत नाही, म्हणून गोळा दबका होतो. पाणी थोडं वाढवावं आणि कणीक भिजवून वीस मिनिटं नुसती पडू द्यावी, की पुष्कळ सुधारतो. पण पहिल्याच फेरीत सासरी दबका पाव वाढायची माझी छाती नव्हती, हे कबूल.

आता "आपलं नाही" याबद्दल. मिरची आणि शेंगदाणे कुठून आले ते मी सांगत बसणार नाही, तो युक्तिवाद सगळ्यांना पाठ झालाय आणि त्याने कोणाचं मतही बदलत नाही. मी दुसरंच विचारते. बोरीच्या घरात भाजलेल्या गव्हाच्या गोळ्याचं एवढं वावडं असेल तर रोडग्यांचं काय?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचा गोळा. पिठात तेलाचं मोहन, मीठ, ओवा, कोणी हळद घालतं. पुऱ्यांएवढ्या लहान चकत्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या आणि ही थप्पी एका मोठ्या पारीत मोदकासारखी बंद करायची. गोवऱ्या पेटवायच्या, धूर आणि जाळ ओसरला की निखाऱ्यांत हे गोळे ठेवायचे, चिमट्याने फिरवत राहायचं. वरून काळपट, आतून पापुद्रे सुटलेला रोडगा फडक्यात धरून राख झाडायची, हाताने फोडायचा, तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. शेतातल्या मारुतीला किंवा महादेवाला नवस फेडताना हे जेवण होतं. याचीच चपटी बहीण म्हणजे पळसाच्या पानांत भाजलेला पानगा.

आता मला सांगा, कणकेच्या पारीत काहीतरी भरून, तोंड बंद करून, चहूबाजूंनी लागणाऱ्या कोरड्या उष्णतेत भाजणं याला दुसरं काय म्हणतात? नागपुरात उलट्या मातीच्या मडक्यावर लांब रोटी भाजतात, खानदेशात खापरावर मांडे होतात. पुरणाची पोळी म्हणजे सारण भरलेली पोळीच की. आंबवण्याचं म्हणाल तर जिलबीचं पीठ आपोआप का फसफसतं? घरी होणारी आंबील काय आहे? भाजणं आपलं, भरणं आपलं, आंबवणं आपलं, आणि तिन्ही एका गोळ्यात आले की एकदम परकं!

पावाचा विटाळ मात्र खरा आहे, आणि जुना आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी निघाली. जातिभेद मानत नाही हे दाखवायला नव्या सभासदाला तिथे ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे. एवढा धीट कार्यक्रम, पण सगळं दाराआड. पुढे सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार म्हणताच १८६० च्या सुमारास सभाच मोडली. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे, दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटाची ही कथा! म्हणजे प्रश्न कधी पिठाचा नव्हताच, कोणाच्या हातचं याचा होता. आज आमच्या घरात कोणी विटाळ म्हणणार नाही, सगळे बेकरीतला पाव आणून भाजीसोबत आवडीने खातात. मग तोच पाव सुनेने घरात, घरच्या कणकेचा भाजला की भुवया का चढाव्यात? आता तर हातही घरचेच आहेत.

शिवाय "आपलं" म्हणजे नक्की कधीपासूनचं? याच आतेसासूबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी असे, गव्हाची पोळी सणाला. यवतमाळच्या शिवारातली ज्वारी कपाशी आणि सोयाबीनने खाल्ली. रेशनवर गहू आला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने २ रुपये किलो झाला आणि २०२३ पासून फुकट मिळू लागला. पोळी रोजची झाली ती अशी, डोळ्यांदेखत. तेव्हा कोणी "हे आपलं नाही" म्हटल्याचं मला तरी कोणी सांगितलेलं नाही. (भाकरी गेली याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.)

असो. खरा मुद्दा तिसरा आहे.

ब्रंच हा शब्द १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने छापला. त्याचं गाऱ्हाणं असं की शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा मारणाऱ्या माणसाला रविवारी लवकर उठवून जड जेवायला बसवू नका. सकाळचं आणि दुपारचं एकत्र करून निवांत बाराच्या सुमारास खाऊ द्या. मला हा माणूस आवडतो, पण त्याची बाजू मी वेगळ्या कारणासाठी घेते. त्याला शनिवारी रात्री बाहेर असणाऱ्यांची काळजी होती, मला शनिवारी रात्री चुलीपुढे असणाऱ्यांची आहे.

बोरीच्या घरातला रविवार असा असतो. सहाला चहा. आठला परत चहा, सोबत पोहे किंवा उपमा, दोन खेपांत, कारण उठणारे दोन खेपांत उठतात. पोह्यांच्या बश्या धुवून होतात न होतात तोच कुकर. साडेबारा-एकला भाजी, वरण, भात, पोळ्या. पंगत पुरुषांची आधी. बायका जेवतात तेव्हा अडीच वाजलेले असतात आणि चारच्या चहाची वेळ झालेली असते. घरात आम्ही चौघी, खाणारे चौदा. यात बसून खाल्लेला एक घास नसतो.

झुणका भरलेला पाव साडेदहाला कापला असता, सोबत ताक, कांदा, मिरचीचा ठेचा, तर पोहे वाचले असते आणि दुपारच्या पोळ्याही. कणीक आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवता येते. सकाळी भरायचा आणि भाजायला लावायचा, भाजला जात असताना त्याच्यापुढे कोणी उभं राहायला लागत नाही. पोळीपुढे लागतं! चौदा माणसांच्या चाळीस पोळ्या म्हणजे मे महिन्यात, बाहेर पारा ४४ वर असताना, तासभर तव्यासमोर. हे गणित मी पंगतीत मांडायला हवं होतं. नाही मांडलं.

कारण मला तेव्हा कळलं नव्हतं की विरोध पावाला नाहीच, दोन जेवणांचं एक होण्याला आहे. ते कळलं चार दिवसांनी, शेतात रोडग्यांचा बेत ठरला तेव्हा. आमच्याकडे रोडगे पुरुष भाजतात. केवढं कौतुक! दिवसभर "दादाच्या हातचे रोडगे" चाललं होतं. खरंच छान भाजतात दादा, त्यात वाद नाही. पण गहू निवडून जाडसर दळून आणला जावेने. वीस माणसांचं पीठ घट्ट मळलं मी आणि तिने, ते मळायला मनगट लागतं. चकत्या लाटल्या, भरल्या सासूबाईंनी. वांगी चिरली, वरण शिजवलं, पातेली लादली, परत आणून घासली आम्हीच. दादांनी दीड तास चिमटा फिरवला. पुरुषाने उघड्यावर गोवऱ्यांत भाजलं तर ती परंपरा, बाईने स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये भाजलं तर ती थेरं. मला यातला दुसरा काही फरक सापडत नाही.

एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करते, आणि त्या बदल्यात काय मागते ते आठवा. सासरा, सासू, जाऊ, नणंद, एकेकाचा बंदोबस्त! त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगतात तो बरोबरच असेल. पण साडेचारशे वर्षं बायका ते ऐकून हसतात त्या अध्यात्मामुळे हसत असतील असं मला वाटत नाही. मी तेवढं मागत नाहीये. रविवारची एक पंगत कमी मागतेय.

आता आपल्या लिहिणाऱ्या मैत्रिणींनाही दोन शब्द. घरच्या भरलेल्या पावाची बदनामी तुम्हीसुद्धा केलीत. ऑलिव्ह, मोझरेला, उन्हात वाळवलेले टोमॅटो, आणि वर "एकदम सोप्पं"! बोरीत बसून ही यादी वाचणाऱ्या बाईने काय करायचं? शिवाय त्या ओल्या सारणांनी पावाची बूड कच्ची राहते हे कोणी लिहीत नाही. माझं पहिलं पान तसंच गेलं होतं, वांग्याच्या भरताने. वरून सोनेरी, आत लापशी, आणि निम्म्यावर वीज गेली ती वेगळीच. सारण कोरडं हवं. बेसनाने पाणी आधीच पिऊन टाकलेलं असतं म्हणून कोरडा झुणका उत्तम. त्याहून उत्तम सांबारवडीचं सारण: बारीक चिरून पुसून कोरडा केलेला सांबार (पुणेकरांनो, कोथिंबीर!), भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, हिरवी मिरची, मीठ. थंडीत तुरीचे सोले निघाले की ते वाफवून, भरड वाटून, तेलावर कोरडे परतून.

विजेचाही बाऊ नको. जाड बुडाची मोठी कढई, तळाशी बोटभर वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर ताटली ठेवायला तिकाटणं. झाकण घालून पंधरा मिनिटं तापवायची, मग तेल लावलेल्या ताटलीत पाव ठेवायचा आणि मध्यम आचेवर चाळीस मिनिटं. वरची बाजू फिकी राहते, ती शेवटी उलटून तव्यावर दोन मिनिटं. ५०० ग्रॅम पिठाला ४ ग्रॅम कोरडं यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, सव्वातीनशे मिलीच्या आसपास पाणी, चमचाभर तेल. मे महिन्यात बोरीत पाऊण तासात फुगतं, माठातलं पाणी घ्या नाहीतर हाताबाहेर जातं. डिसेंबरात दोन तास धरून चाला.

त्या रविवारचं राहिलंच. पाव झाला, चांगला झाला. पण पोहेही झाले आणि साडेबाराला पोळ्याही लाटल्या, पाव "वरून एक तुकडा" म्हणून पंगतीत फिरला. म्हणजे मी काम वाढवलंच, जावेने ते मला नंतर सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. आतेसासूबाईंनी त्यांचा तुकडा पदराआड मोडून खाल्ला आणि वाडग्यात उरलेला ठेचा मागून घेतला. दिवाळीत परत जातेय. या खेपेला पोह्यांचा डबा आदल्या रात्रीच वरच्या फळीवर ठेवायचा, असं मी आणि जावेने फोनवर ठरवलंय.